यंत्राची साक्ष

मुंबई महानगरपालिकेच्या एका कारकुनास एका इसमानें लांच देऊं केली. कारकुनानें ती गोष्ट पोलिसांना कळविली. ठरलेल्या दिवशीं कारकुनाच्या घरीं बाहेरच्या खोलींत पुस्तकांआड एक ध्वनिग्राहक लपविण्यांत आला, आणि आंतल्या खोलींत ध्वनिमुद्रणाचें यंत्र लावून पोलिस बसून राहिले. तो इसम आला, आणि त्याचें बोलणें फितीवर उतरलें. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती फीत पुरावा म्हणून ग्राह्य धरली व शिक्षा कायम केली. परंतु निकालपत्रांतील एक गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाहीं. ती फीत मोहोरबंद केलेली नव्हती. ती पोलिसांपैकींच एकाच्या ताब्यांत होती. फीत मोहोरबंद नसली म्हणजे तिच्यांत मागाहून फेरफार झाला असेल असा आक्षेप साहजिकच उद्भवतो, असें न्यायालयानें म्हटलें. तसा फेरफार झालेला नाहीं असा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष होता, म्हणून तेवढ्यावर निभावलें.

आज त्या फितीच्या जागीं मोबाईल, संगणक, रस्त्यावरील कॅमेरे आणि दूरध्वनि कंपन्यांच्या नोंदी आल्या आहेत. साधनें बदललीं, प्रश्न मात्र तोच आहे. साक्षीदार माणूस असला कीं आरोपीच्या वकिलास त्याची उलटतपासणी घेतां येते. तूं कोठें उभा होतास, उजेड किती होता, फिर्यादीशीं तुझें नातें काय? यंत्रास यांतलें कांहींच विचारतां येत नाहीं. शिवाय यंत्र खोटें बोलत नाहीं अशी चांगल्या शिकलेल्यांचीहि भोळी समजूत असते, आणि खटला उभा राहण्यापूर्वींच ती आरोपीच्या विरुद्ध अर्धा निकाल देऊन मोकळी होते. यंत्र खोटें बोलत नसेल. पण त्याच्या बोलण्यांत भर घालतां येते, त्यांतून गाळतां येतें, आणि त्याचा अर्थ लावणारा माणूस चुकूं शकतो. म्हणून यंत्राच्या उलटतपासणीची कांहीं निराळी सोय कायद्यास करावी लागली.

त्या सोयीचा पाया गणितांत आहे. जुन्या शाळांतून मोठा गुणाकार झाला कीं मुलें नवांनीं ताळा पाहत. अंकांची बेरीज करावयाची, तींतून नऊ टाकीत जावयाचें, आणि उरलेला अंक दोन्हीकडे जुळतो कीं नाहीं तें पाहावयाचें. ह्या ताळ्यास एक खोट आहे: ५४ च्या ऐवजीं ४५ लिहिले तरी तो जुळतोच. संगणकशास्त्रज्ञांनीं ह्याहून पुष्कळच कडक ताळा शोधून काढला आहे. त्यास हॅश-मूल्य म्हणतात. संगणकांतील कोणतीहि फाईल, मग तें एका ओळीचें पत्र असो कीं तासाभराचें चित्रण असो, आकडेमोडीच्या ठराविक रीतींतून नेली कीं शेवटीं अंकांची व अक्षरांची एक माळ निघते. एसएचए-२५६ ह्या रीतींत त्या माळेचे मणी ६४ असतात. पत्रांतला एक स्वल्पविराम काढला तरी सबंध माळ बदलते. मोबाईल जप्त होतांच त्यांतील मजकुराची हुबेहूब प्रत काढून तिची माळ पंचनाम्यांत लिहून ठेवली, तर दोन वर्षांनीं न्यायालयांत आलेली प्रत तीच कीं दुसरी हें कोणासहि पडताळून पाहतां येतें. हीच आजची लाखेची मोहोर. मात्र मोहोर लागण्यापूर्वीं काय घडलें तें ही मोहोर सांगत नाहीं. जप्ती आणि मोहोर यांमध्यें चार दिवस गेले असतील, तर वकिलानें बोट ठेवावयाचें तें त्या चार दिवसांवर.

ह्या बाबतींत आपल्याकडील कायदा सरळ वाटेनें चाललेला नाहीं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ६५-ब हें कलम घातलें, आणि संगणकीय नोंदीची प्रत दाखल करतांना तिच्यासोबत प्रमाणपत्र असावें असें ठरलें. २००५ सालीं संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें प्रमाणपत्रावांचूनहि दूरध्वनीच्या नोंदी स्वीकारल्या. २०१४ सालीं त्याच न्यायालयानें तें मत चुकीचें ठरविलें. २०१८ सालीं बंधन पुन्हां सैल केलें. अखेरीस २०२० सालीं हा घोळ मिटला तो जालन्याच्या एका निवडणूक तंट्यामुळें. उमेदवारी अर्ज मुदतींत दाखल झाला कीं नाहीं हें निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रणावरून ठरवावयाचें होतें, आणि प्रमाणपत्र कांहीं मिळत नव्हतें. प्रत दाखल करावयाची तर प्रमाणपत्र हवेंच; संबंधित अधिकारी तें देत नसेल तर न्यायालयाकडून तें देवविण्याची मागणी करावी, असा निर्णय झाला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमांत ह्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक सादर करणाराचा व दुसरा तज्ज्ञाचा; आणि हॅश-मूल्य त्या नमुन्यांतच लिहावें लागतें.

परंतु ताळा पाहावयाचा तर वही हातांत हवी. २०१९ सालीं केरळांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं मेमरी कार्डांतील मजकूर हा दस्तऐवजच होय, व सरकार पक्षाची भिस्त त्यावर असेल तर त्याची प्रत आरोपीस सामान्यतः मिळाली पाहिजे. त्या खटल्यांतील चित्रणाशीं मात्र एका पीडित स्त्रीचें खासगी जीवन निगडित होतें. म्हणून प्रत न देतां आरोपी, त्याचा वकील व तज्ज्ञ यांस तें केवळ पाहूं देण्यांत आलें. ही मर्यादा रास्तच होती.

प्रत मिळाली, माळहि जुळली, तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. दूरध्वनि कंपनीच्या नोंदींत मोबाईल कोणत्या मनोऱ्याशीं जोडला गेला होता तेवढें असतें. तो जवळच्याच मनोऱ्याशीं जोडला जातो असें नाहीं. उंच इमारती व गर्दी यांमुळें तो दूरचाहि मनोरा धरतो, आणि खेड्यापाड्यांत एका मनोऱ्याचा पल्ला कित्येक किलोमीटर असतो. शिवाय मोबाईल जेथें होता तेथें त्याचा मालकहि होता, हें ती नोंद सांगत नाहीं. डेन्मार्कसारख्या काटेकोर देशांत २०१९ सालीं असें आढळून आलें कीं, कंपन्यांकडील नोंदी पोलिसांच्या उपयोगासाठीं रूपांतरित करणाऱ्या संगणकप्रणालींत दोष होता व कांहीं नोंदी वाटेंतच गळत होत्या. सुमारें १०,७०० खटले पुन्हां तपासावयास घेण्यांत आले, अशा पुराव्याचा वापर दोन महिने थांबविण्यांत आला, आणि ३२ जणांची कोठडींतून सुटका झाली. तेथें कोणीं कपट केलें होतें असें नाहीं. नोंदींवर सर्वांचा विश्वास होता, एवढेंच.

पुरावा खरा, पण तो आडमार्गानें मिळविलेला असेल तर? मुंबईच्या एका कॉरोनरांचें लांचेसंबंधींचें दूरध्वनीवरील बोलणें पोलिसांनीं दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांच्या संमतीनें मुद्रित केलें होतें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस दोषी ठरविणारा निर्णय उचलून धरला, आणि बेकायदा मिळविलेला पुरावाहि ग्राह्य होऊं शकतो असें म्हटलें. पुढें १९९६ सालीं त्याच न्यायालयानें दूरध्वनि चोरून ऐकण्यावर बंधनें घातलीं. २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. आणि २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें लांचेच्याच एका प्रकरणांत दूरध्वनि ऐकण्याचे तीन सरकारी हुकूम रद्द करून तें मुद्रण नष्ट करण्यास सांगितलें, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न तेथें नव्हताच. १९७२ आणि २०१९ यांचा मेळ नीट बसलेला नाहीं, आणि बचावाच्या वकिलास ही फट चांगली ठाऊक असते.

पाळतीचीं यंत्रें पोलिसांच्याच उपयोगीं पडतात असें मात्र नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक पोलिस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा, आणि त्यांचें चित्रण शक्यतों १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवण्याचा हुकूम दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमानें झडती व जप्ती यांचेंहि चित्रण करणें आवश्यक झालें आहे. दुकानें व गृहसंस्था यांच्या कॅमेऱ्यांत मात्र जुन्या चित्रणावर बहुधा थोड्याच आठवड्यांत नवें चढतें. घटनेच्या वेळीं आपला मुलगा स्टेशनाजवळच्या उपाहारगृहांत होता हें ज्या बापास ठाऊक आहे, त्यानें खटला उभा राहण्याची वाट पाहूं नये. त्याच आठवड्यांत मालकास चित्रण राखून ठेवण्याविषयीं लेखी विनंती करावी, वकिलामार्फत न्यायालयांत तसा अर्ज द्यावा, आणि दोहोंची पोंच घरीं जपून ठेवावी.