निरगुडीचा पाला आणि उंदराचा पाय

गुडघा सुजला की गावाकडचा उपाय ठरलेला. बांधावरच्या निरगुडीच्या चार डहाळ्या ओरबाडायच्या, तव्यावर जरासं एरंडेल सोडून पाला गरम करायचा आणि सोसवेल इतपत ऊन असतानाच गुडघ्यावर बांधायचा. सकाळी बरं वाटतं, यात खोटं काही नाही. पण बरं वाटलं ते पाल्यानं, शेकानं, की रात्रभर पाय हलला नाही म्हणून? गुंता इथेच आहे, आणि तो सोडवायला प्रयोगशाळेत बराच लांबचा रस्ता धरावा लागतो.

आधी पाला निरगुडीचाच आहे याची खात्री. पंजासारखी तीन किंवा पाच पानं, खालच्या अंगाला पांढुरकी, चुरगळली की उग्र वास, ही आपली ओळख. संशोधकाला एवढ्यावर भागवता येत नाही. फुलासकट फांदी दाबून, वाळवून ती वनस्पतिसंग्रहात दाखवावी लागते. पुण्यात हे काम भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात होतं. मग पानं धुऊन सावलीत वाळवायची, कारण उन्हात त्यातलं सुगंधी तेल उडून जातं. पुढे अर्क. पाण्यात उतरणारी द्रव्यं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी. म्हणून ‘निरगुडीनं गुण आला’ हे वाक्य या लोकांना अर्धवट वाटतं. कोवळी पानं की जून, ताजी की सुकी, कशात काढलेला अर्क, हे सगळं ते विचारतात. श्रीलंकेतल्या संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जून, ताज्या पानांच्या पाण्यातल्या अर्कावर होता, आणि पानं जून, ताजी होती हे तर त्याच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे.

प्राण्यांवर काही करण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. अर्क विषारी नाही ना, हेही आधी पाहतात.

आता सूज. पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एकाला नुसतं पाणी, एकाला इंडोमेथासिनसारखं माहितीतलं औषध, बाकीच्यांना अर्काच्या चढत्या मात्रा. अर्ध्या-एक तासानं प्रत्येकाच्या मागच्या पायाच्या तळव्यात कॅराजिननचं एक टक्क्याचं द्रावण टोचतात, जेमतेम ०.१ मिलिलिटर. कॅराजिनन म्हणजे लाल समुद्रशेवाळातून निघणारा पदार्थ; आइस्क्रीम घट्टसर राहावं म्हणून घालतात तोच. तळव्यात गेला की मात्र पाय टम्म फुगतो. १९६२ साली विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, ती आजही चालू आहे.

फुगलेला पाय मोजायची युक्ती आर्किमिडीजचीच. घोट्यावर शाईची रेघ ओढायची, पाय बरोबर रेघेपर्यंत द्रवात बुडवायचा आणि किती द्रव सरकला ते वाचायचं. रेघ हुकली, उंदरानं पाय आखडला, की आकडा गेला. समजा, तिसऱ्या तासाला पाणी प्यायलेल्या गटाचे पाय सरासरी ०.८० मिलिलिटरनं वाढले आणि अर्कवाल्यांचे ०.४८ नं, तर सूज ४० टक्के रोखली गेली. हे मोजमाप तासातासाला करतात, त्यालाही कारण आहे. पहिल्या तासाभरात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा जोर असतो, नंतर प्रोस्टाग्लॅंडिन पुढे येतात. अर्कानं सूज कधी अडवली, यावरून तो कुठे काम करत असावा याचा माग लागतो.

दुखणं मोजणं याहून अवघड. उंदीर काही ‘ठणकतंय’ म्हणून सांगत नाही. त्याला साधारण ५५ अंशांच्या तबकडीवर ठेवतात आणि तो पाय चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचे सेकंद मोजतात. ठरलेली वेळ संपली की त्यानं काही केलं नाही तरी उचलायचं, नाहीतर पाय भाजतो. दुसऱ्या चाचणीत लहान जातीच्या उंदराच्या पोटात पातळ ॲसिटिक आम्ल टोचून तो किती वेळा अंग पिळवटतो ते मोजतात. या आकड्यांवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. अर्कानं नुसती गुंगी आली असेल तरी उंदीर उशिरानंच पाय चाटेल! म्हणून त्याला फिरत्या दांड्यावरही चढवून बघतात. तिथून तो भराभर पडू लागला, तर दुखणं थांबलं असं म्हणायची सोय उरत नाही.

एवढं होऊनही तव्यावरच्या पाल्याला कुणी हात लावलेला नसतो. उंदराला अर्क पाजलेला असतो, तोही सूज यायच्या आधी; आपण सुजल्यावर, बाहेरून, गरम करून बांधतो. ते तपासायचं तर गुडघेदुखीची माणसंच हवीत. निम्म्यांना निरगुडी, निम्म्यांना तितकाच गरम केलेला दुसरा कसला तरी निरुपद्रवी पाला, आणि कुणाला काय बांधलंय ते त्यांना कळता कामा नये. आता निरगुडीचा पाला तव्यावर पडला की वास ओसरीपर्यंत येतो, तो लपवायचा कसा?