उसाचे वाढे आणि दुभते जनावर



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात चाऱ्याची काळजी मिटली, असे आपण धरून चालतो. फडात कोयता पडतो, वाढ्याच्या पेंढ्या बांधावर येतात आणि बैलगाडीतून, ट्रॅक्टरवरून किंवा मोटारसायकलच्या मागे बांधून त्या गोठ्यात पोचतात. श्रीपूर, महाळुंग, बोरगाव, अकलूज या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च कुठल्याही गोठ्यात डोकावून बघा, गव्हाणीत वाढेच दिसतील. सकाळी वाढे, संध्याकाळी वाढे. घासाच्या वाफ्याकडे कुणी फिरकत नाही, कडब्याची गंजी पावसाळ्यासाठी राखून ठेवली जाते. वाढे हिरवेगार असतात, चवीला गोडसर असतात, जनावर आवडीने खाते आणि पहिले काही आठवडे दूधही उतरत नाही. मग बिघडले कुठे?

बिघडते ते पुढे. उन्हाळा तोंडावर आला की म्हैस उलटायला लागते, गाय माजावरच येत नाही, व्यालेल्या जनावराची वार अडकते, एखादी गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी उठत नाही. मग आपण रेतन करणाऱ्याला बोल लावतो, उन्हाला लावतो, नाहीतर नशिबाला. चार महिने गव्हाणीत काय पडत होते, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलिक आम्ल असते. अळू खाल्ल्यावर घशाला खाज सुटते, त्यामागेही याच आम्लाचे क्षार असतात. म्हणून तर घरच्या बाया अळूच्या भाजीत चिंच टाकल्याशिवाय राहत नाहीत. जनावराचा घसा खाजत नाही, पण पोटात गेल्यावर हे आम्ल कॅल्शियमला, म्हणजे चुन्याच्या तत्त्वाला, घट्ट धरून ठेवते. दोघांचा मिळून जो क्षार होतो तो पाण्यात विरघळत नाही, अंगी लागत नाही, शेणावाटे निघून जातो. म्हणजे आपण चाऱ्यातून, पेंडीतून जे कॅल्शियम घातले त्यातला वाटा वाढे परस्पर बाहेर घेऊन जातात. काही आम्ल रक्तात उतरले तर तेथलेही कॅल्शियम धरते आणि त्याचे बारीक खडे मूत्रपिंडात साठू शकतात.

ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात साइनाइडचे विष असते. ते खाल्लेले जनावर बघता बघता आडवे होते, म्हणून लहान पोरसुद्धा जनावर त्या रानात जाऊ देत नाही. वाढ्याचे तसे नाही. वाढे खाऊन जनावर सहसा पडत नाही, खात राहते, रवंथ करत राहते आणि आतून रिकामे होत जाते. डोळ्यांना न दिसणारा तोटा म्हणून त्याची भीती कुणाला वाटत नाही.

आता थोडा हिशेब करू. गाईच्या एक लिटर दुधातून साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते, म्हशीच्या दुधातून साधारण १.८ ग्रॅम. दहा लिटर देणारी गाय रोज १२ ग्रॅम आणि सहा लिटर देणारी म्हैस जवळजवळ ११ ग्रॅम कॅल्शियम बादलीत टाकते. शिवाय चाऱ्यातले सगळेच कॅल्शियम रक्तात जात नाही, निम्म्याहून कमीच जाते. म्हणजे दुधासाठी बारा ग्रॅम लागतात तर पोटात त्याच्या दुपटीहून जास्त गेले पाहिजे, शिवाय जनावराच्या स्वतःच्या अंगाला लागते ते वेगळे. इतके मिळाले नाही तर जनावर दूध लगेच थांबवत नाही. ते स्वतःच्या हाडातून कॅल्शियम काढते आणि आपल्याला देते. दूध उतरले नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो ते यामुळे.

पूर्वी एवढे का जाणवत नव्हते, असे जुनी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पूर्वी दावणीला खिलार बैल आणि दोन-तीन लिटर देणारी गावरान गाय होती. तिच्या दुधातून जायचेच किती? आज होल्स्टीनच्या संकराची गाय पंधरा लिटर देते. दुसरे असे की नीरा उजव्या कालव्याचे आणि पुढे उजनीचे पाणी मिळाले, ऊस वाढला, तसे ज्वारीचे रान कमी झाले आणि घरचा कडबाही कमी झाला. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ चा कडबा म्हणजे आपल्या जिल्ह्याचे वैभव, पण तो आता विकत आणायची वेळ आलेली आहे. पूर्वी वाढे कडब्याच्या जोडीला होते, आता कडब्याच्या जागी आहेत.

यावर उपाय महाग नाहीत. त्यातला पहिला सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण करणारे थोडे. तो म्हणजे चुन्याची निवळी. कळीचा चुना अर्धा किलो घ्यावा, आधी थोड्या पाण्यात विझवावा. विझवताना तो उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवावे, डोळे जपावेत. विझला की प्लास्टिकच्या किंवा सिमेंटच्या टाकीत २० लिटर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवावा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, चुना ते खातो. सकाळी वर जे नितळ पाणी येते ती निवळी. गाळ न हलवता ती काढून घ्यावी आणि वाढ्याची कुट्टी करून तिच्यावर शिंपडावी, कुट्टी खालीवर करावी, तासभर तशीच ठेवून मग गव्हाणीत टाकावी. अख्ख्या पेंढीवर शिंपडलेली निवळी निम्मी जमिनीलाच जाते. जनावरालाही अख्ख्या वाढ्यातले पान खाऊन जाड दांडा टाकून द्यायची सवय असते, म्हणून कुट्टी केली तर चारा वाया जायचेही वाचते. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. वीस लिटरला तीसेक ग्रॅमच. म्हणून खालचा गाळ फेकू नये, त्यावर पुन्हा पाणी ओतून ढवळले की दुसऱ्या दिवशीची निवळी तयार. भिंतीला लावायचा रंग मिसळलेला चुना मात्र चालणार नाही.

पण निवळीवर सगळी भिस्त ठेवू नये, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. एक लिटर निवळीत जेमतेम एक ग्रॅम कॅल्शियम असते. एका जनावराच्या कुट्टीवर चार-पाच लिटर शिंपडली तरी पदरात पडतात चार-पाच ग्रॅम. वाढ्यातल्या आम्लाशी गाठ घालायला त्याचा उपयोग आहे, पण दुधाची भरपाई त्यातून होत नाही. त्यासाठी खनिज मिश्रण पाहिजे. मोठ्या दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम, पेंडीत कालवून. चांगल्या मिश्रणात साधारण २० टक्के कॅल्शियम असते, म्हणजे पन्नास ग्रॅममधून १० ग्रॅम मिळते. शिवाय फॉस्फरस, तांबे, जस्त हेही मिळतात, आणि गाभण राहायला त्यांचीही गरज लागते. जनावर माती चाटते, चिंध्या-हाडे चघळते, दुसऱ्याचे मूत पिते, ते बहुतेक फॉस्फरस कमी पडल्याचे लक्षण. त्याला नुसता चुना देऊन भागत नाही. पिशवीवर आयएसआयची खूण आणि घटकांचे प्रमाण छापलेले बघून घ्यावे. मूठभर मीठ म्हणजे खनिज मिश्रण नव्हे.

आणखी एक गोष्ट फुकटातली आहे. जनावराच्या पोटात जे सूक्ष्म जीव असतात त्यांतले काही हे आम्ल मोडून टाकतात. पण त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो. काल मका खाणाऱ्या म्हशीपुढे आज वीस किलो वाढे टाकले तर त्यांना ते झेपत नाही. म्हणून टोळी रानात आली त्या दिवशी आनंदाने गव्हाण भरू नये. पहिल्या दिवशी तीन-चार किलो, मग दोन दिवसाआड वाढवत दहा-बारा दिवसांत पुऱ्या मापावर यावे. मध्ये खंड पडला तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी.

पुरे माप किती, तर दुभत्या जनावराला दिवसाला १० ते १२ किलो वाढे पुरेत. त्याच्या जोडीला ७-८ किलो लसूणघास किंवा शेवरी, ४ किलो कडब्याची कुट्टी, आणि दुधाच्या मापाने पेंड. गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम, आणि अंगासाठी किलोभर वेगळी. घासाचा आग्रह एवढ्यासाठी की वाढ्यात प्रथिन फार कमी, सुक्या वजनावर पाच-सहा टक्के. दुभत्या जनावराला त्याच्या दुप्पट तरी लागते. घासात ते अठरा-वीस टक्के भरते आणि कॅल्शियमही भरपूर असते. म्हणजे घासाचा एक वाफा वाढ्याच्या दोन्ही उणिवा भरून काढतो. 'ऊस सोडून घास कुठे लावू' असे सभासद म्हणतात. दोन जनावरांना पाच-सहा गुंठे घास बरीच वर्षे साथ देतो. ज्यांना तेवढेही सोडवत नाही त्यांनी पाटाच्या कडेला, बांधाला शेवरी लावावी. तिला वेगळे पाणी लागत नाही, उसाला दिलेल्या पाण्याच्या ओलीवर ती वाढते.

पंढरपुरी म्हशीबद्दल एक शब्द. खांद्यापर्यंत गेलेल्या लांब शिंगांची ही आपल्याच मातीतली जात. दूध मुऱ्हाइतके नसेल, पण वेळेवर गाभण राहणारी म्हणून तिचा लौकिक आहे, बारा-तेरा महिन्यांनी वेत देणारी. असली म्हैस जर तीन-तीनदा उलटत असेल तर जातीत खोट नाही, दावणीत आहे असे समजावे. जनावर एकदा उलटले की एकवीस दिवस गेले. तीनदा उलटले की दोन महिने भाकड. उसाचे बिल हंगामात येते, पण घरची मीठ-मिरची दहा दिवसाच्या दुधाच्या पगारावर चालते. तो पगार या दोन महिन्यांत अडतो.

व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत गाय डळमळायला लागली, बसली, मान पोटाकडे वळवून पडली, कान-पाय थंड लागले, तर तो दुधाचा ज्वर. नाव ज्वर असले तरी अंग तापत नाही, उलट गार पडते. रक्तातले कॅल्शियम एकदम उतरल्याने हे होते. अशा वेळी तासन् तास वाट बघू नये, ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. शिरेतून कॅल्शियम दिले की बहुतेक गाई उठून उभ्या राहतात. तोवर तिला छातीवर बसती ठेवावी, आडवी पडू देऊ नये आणि नळीने, बाटलीने काहीही पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असते, पाजलेले औषध फुफ्फुसात जाऊन जनावर त्यानेच दगावते. पहिल्या रात्री सगळे दूध पिळून काढण्याचा हव्यासही करू नये. काहीजण विण्याच्या आधी पंधरा दिवसांपासून कॅल्शियमच्या बाटल्या रिचवतात. जास्त दुधाच्या गाईला त्याने उलटा परिणाम होऊ शकतो, कारण हाडातून कॅल्शियम काढण्याची तिची स्वतःची ताकद सुस्तावते. शेवटच्या तीन आठवड्यांत काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुष्काळाची गोष्ट वेगळी. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये सांगोला, मंगळवेढा भागातल्या छावण्यांत जनावरे मुख्यतः उसावरच तगली. तिथे जीव वाचवणे हाच हिशेब होता आणि तो बरोबर होता. पण पाटपाण्याच्या गावात चांगल्या वर्षीही छावणीचाच चारा चालू ठेवणे परवडणारे नाही.

हंगामात वाढे उतू जातात आणि मे महिन्यात हिरवी काडी दिसत नाही, त्याला मुरघास हा मार्ग आहे. वाढे एक दिवस सुकवून, बारीक कुट्टी करून, खड्ड्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर तुडवून हवा काढायची आणि वरून हवाबंद करायचे. जमल्यास निम्मा मका मिसळावा. दीड-दोन महिन्यांत तो तयार होतो. आंबूस वास आला तर चांगला, कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर तेवढा भाग टाकून द्यावा. मुरघास झाला म्हणून वाढ्यातला दोष गेला असे धरू नये, खनिज मिश्रण चालूच ठेवावे.

राहता राहिला वाढे मिळण्याचा प्रश्न. वहिवाटीने वाढ्यावर टोळीचा हक्क धरला जातो. त्यांची बैलं त्यावर जगतात, उरलेल्या पेंढ्या विकून त्यांचा बाजार होतो. तेव्हा आपल्याच फडातले वाढे आपणच विकत घ्यायचे, यावर कुरकुर करण्यापेक्षा तोड सुरू होण्याआधीच टोळीशी बोलून आपल्या जनावरांपुरत्या पेंढ्या ठरवून घ्याव्यात. ज्यांच्या रानात हार्वेस्टर येणार आहे त्यांचे वाढे मात्र शेंडे छाटतानाच बारीक होऊन रानभर उडतात, मातीत मिसळतात. ते पाचटाबरोबर खोडव्याच्या कामी येतील, गोठ्याच्या नाही. मशिन वळायला जागा लागते म्हणून कडेचा ऊस तसाही आधी हाताने तोडावा लागतो. तेवढे वाढे त्याच दिवशी उचलून कुट्टी करून ठेवावेत.