जिवंत मातीचा हिशेब

महाबळेश्वरच्या शेतकऱ्यांना परिचित असलेली ‘कॅमारोसा’ ही स्ट्रॉबेरीची जात कॅलिफोर्निया विद्यापीठाने विकसित केली. त्याच कॅलिफोर्नियात या फळाच्या शेतीचा जमाखर्च गेल्या चार दशकांत नव्याने मांडला गेला आहे.

तेथे लागवडीपूर्वी जमिनीत मिथिल ब्रोमाइड आणि क्लोरोपिक्रिन ही विषारी द्रव्ये सोडून वर प्लॅस्टिक अंथरण्याची रीत होती. त्यामुळे मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी व तणांचे बी नष्ट होई. परंतु मातीतील असंख्य उपकारक जीवही त्यांच्यासोबत मरत. पीक भरघोस येई, म्हणून तीच जमीन पुन:पुन्हा स्ट्रॉबेरीलाच दिली जाई.

१९८३ मध्ये जिम कॉक्रन यांनी तेथेच ‘स्वॅन्टन बेरी फार्म’ सुरू करून हा मार्ग सोडला. सेंद्रिय पद्धतीत आरंभी उत्पन्न घटते आणि जमिनीला फेरपालटासाठी इतर पिकांखाली ठेवावे लागते. मात्र ब्रोकोलीचे अवशेष मातीत गाडल्यास मर रोगाची बुरशी कमी होते, हेही प्रयोगांतून सिद्ध झाले. घटलेल्या उत्पन्नाची भरपाई ग्राहकाने दिलेल्या अधिक भावातून होऊ लागली. १९९८ मध्ये या शेतीने शेतमजूर संघटनेशी करार करून श्रमिकांचाही हिशेब त्यात धरला.

मिथिल ब्रोमाइडने ओझोनच्या थराला हानी पोहोचते. मॉन्ट्रियल करारान्वये विकसित देशांनी २००५ पर्यंत त्याचा शेतीतील सर्वसाधारण वापर थांबवायचा होता. कॅलिफोर्नियातील स्ट्रॉबेरीला मात्र २०१६ पर्यंत सवलत मिळत राहिली. नेदरलँड्सने मातीसाठीचा हा वापर १९९२ मध्येच बंद केला होता. तेथे आणि जपानमध्ये संशोधकांनी दुसरा उपाय शोधला : कोंडा किंवा हिरवा पाला मातीत मिसळायचा, भरपूर पाणी द्यायचे व काही आठवडे प्लॅस्टिकने झाकायचे. प्राणवायू संपताच रोगकारक बुरशी क्षीण होते. हाच उपाय पुढे तांदळाच्या कोंड्यासह कॅलिफोर्नियातही रुजला.

सेंद्रिय शेतीत हिंसा पूर्णपणे टळते, असे नाही. लाल कोळ्यांवर त्यांना खाणारे दुसरे कोळी सोडले जातातच. तथापि, सरसकट संहाराऐवजी येथे समतोल साधला जातो. विषाने मिळालेल्या नफ्यात मातीचे, हवेचे आणि मजुराच्या आरोग्याचे नुकसान कधी मांडलेच जात नव्हते. खर्चाची बाजू झाकून दाखवलेल्या नफ्याला कोणता जाणता व्यापारी नफा म्हणेल?