कंडेन्सर बदलताना

माठातील पाणी गार का होते? माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मोटारीतील वातानुकूलन यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच, की माठावरची वाफ हवेत मिसळते. मोटारीतील शीतक मात्र बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत राहते. गाडीच्या आतील भागात त्याची वाफ होते व ती तेथील उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर त्या वायूवर दाब देतो. तापलेला वायू पुढे कंडेन्सरमध्ये येतो, उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि पुन्हा द्रवरूप होतो.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्यामुळे रस्त्यावरील खडे आणि पुढून बसणारा धक्का यांचा पहिला मार त्यालाच बसतो. पातळ नळीला बारीकसे छिद्र पडले, तरी शीतक गळू लागते व गारवा कमी होत जातो.

बंगळूरमधील जे. सी. रस्ता मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून नवा कंडेन्सर आणता येतो. परंतु भाग मिळाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. प्रथम यंत्रणेत उरलेला वायू यंत्राच्या साहाय्याने टाकीत काढून घ्यावा लागतो. नंतर बंपर उतरवून नळ्या सोडवतात व त्यांची तोंडे लगेच बंद करतात, कारण हवेतील ओलावा यंत्रणेचा शत्रू आहे. जोडांवरील रबरी कड्या आणि ओलावा शोषणारा ड्रायर हेही नवे बसवतात. त्यानंतर पंपाने आतील हवा काढून टाकली जाते. दाब अगदी कमी झाला, की आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन तीही बाहेर पडते.

येथे स्थानाचाही विचार करावा लागतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब कमी असतो. म्हणून मुंबईत साध्या दाबमापकाची सुई जवळजवळ ३० इंचांपर्यंत जात असली, तरी बंगळूरला ती सुमारे २७ इंचांवरच थांबते. तो पंपाचा दोष नव्हे. पंप बंद केल्यावर सुई स्थिर राहिली, तर गळती नाही असे समजतात आणि ठरवून दिलेल्या वजनाइतकेच शीतक भरतात.

घाईच्या वेळी जुना वायू सरळ हवेत सोडण्याचा मोह होतो. या वायूचे द्रवरूप उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते. ते डोळ्यांत वा हातावर उडाल्यास गंभीर इजा होते. म्हणून चष्मा व हातमोजे आवश्यक ठरतात. पूर्वी वापरात असलेला आर-१२ वायू ओझोनच्या थराला घातक होता. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याचा वापर थांबवण्याची दिशा दिली. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धोका देत नाही. परंतु वातावरण तापवण्याची त्याची शक्ती, वजनास वजन धरता, कार्बन डायऑक्साइडच्या १,३०० पटींहून अधिक आहे. छोट्या मोटारीतील अर्धा किलो वायू सोडणे म्हणजे साडेसहाशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती झाली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली.

करार राष्ट्रे करतात. त्याचे पालन मात्र पान्हा हाती घेतलेल्या कारागिराकडून होते. गारवा ग्राहकाला लगेच जाणवतो, वाचवलेला वायू कोणालाच दिसत नाही. न दिसणारे काम नीट करणे, यातच खरे कौशल्य आहे.