नरलांडग्याला मुक्तछंदच का हवा

टोबी बार्लो या अमेरिकी लेखकाची ‘शार्प टीथ’ ही सुमारे तीनशे पानांची कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत मुक्तछंदात आहे. लॉस एंजेलिसमध्ये माणसांत मिसळून राहणाऱ्या नरलांडग्यांच्या टोळ्या, भटकी कुत्री पकडण्याची नोकरी करणारा अँथनी आणि त्याचा जिच्यावर जीव जडतो ती टोळीतलीच निनावी तरुणी, असं हे कथानक. अमेरिकेत ती २००८ साली आली. मुक्तछंदाची ही मांडणी म्हणजे निव्वळ चमत्कृती, असं वाटणं सोपं आहे. पण मला ती या गोष्टीची गरज वाटते.

नरलांडगा पद्याला नवा नाही. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’मध्ये राजा लायकेऑन ज्युपिटर देवाच्या पानात माणसाचं मांस वाढतो आणि त्याची शिक्षा भोगतो. अंगावरच्या वस्त्रांचे केस होतात, बोलायला जावं तर नुसतं केकाटणं बाहेर पडतं. बाराव्या शतकात मारी द फ्रान्सने यमकबद्ध रचलेल्या ‘बिस्क्लाव्रे’तला उमराव आठवड्यातले तीन दिवस लांडगा असतो, बायको त्याचे कपडे दुसऱ्याकरवी पळवते आणि तो तसाच अडकून पडतो. देवाची शिक्षा अटळ, आठवड्याचं चक्र ठरलेलं. अशा गोष्टींना बांधीव वृत्त शोभतं. बार्लोची माणसं मात्र पौर्णिमेची वाट पाहत नाहीत, मनात येईल तेव्हा बदलतात. कधीही तुटू शकणारी ओळ त्यांना नेमकी मानवते. वाक्य अर्ध्यावर थांबतं आणि पुढच्या ओळीत माणूस भेटेल की जनावर, याचा भरवसा उरत नाही.

हे तर ओळी तोडून छापलेलं गद्यच, असं कुणी म्हणेल. मराठीत कवी अनिलांच्या काळापासून मुक्तछंदाला हे ऐकावं लागलं आहे. त्यावर उपाय एकच, ओळी जोडून पाहाव्यात. टोळ्यांचे डावपेच समजावणारी काही पानं जोडली तरी फारसं बिघडत नाही. तिथे आक्षेप खरा आहे. झडपेचे प्रसंग जोडले, की मात्र त्यांतली भीती निघून जाते. इतकी पानं कविता कोण वाचणार, ही शंकाही टिकत नाही. विक्रम सेठ यांनी १९८६ साली ‘द गोल्डन गेट’ ही कॅलिफोर्नियातलीच कादंबरी ५९० सुनीतांत लिहिली आणि ती आवडीने वाचली गेली. ‘शार्प टीथ’ची पहिली दहा पानं मोठ्याने वाचा, आणि मगच ती ठेवायची की पुढे न्यायची ते ठरवा.