फळाची आसक्ती आधी कोणी सोडायची?

व्यवस्थापनाच्या शिबिरांत गीतेचा एक उपदेश हमखास सांगितला जातो: काम करा, फळाकडे पाहू नका. समोर बसलेले बहुतेक पगारदार असतात आणि पगारवाढ मागू नका, एवढाच अर्थ त्यांच्यापर्यंत पोचतो. हा गीतेवर अन्याय आहे. उपदेश ऐकणारा अर्जुन कोणाच्या हाताखालचा कारकून नव्हे. त्याच्या निर्णयावर सैन्याचं भवितव्य लटकलेलं आहे. श्रेष्ठ माणूस वागतो तसे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायात त्यालाच बजावलं आहे. तेव्हा फलासक्ती आधी सोडायची ती टार्गेट ठरवणाऱ्याने.

वरची आसक्ती खाली कशी उतरते, हे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दाखवलं. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ सेवा मारायच्या, असा वरून धोशा होता. तो पुरा करायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. गीतेचा अठरावा अध्याय कर्मामागे पाच कारणं मोजतो: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रयत्न आणि दैव. कर्ता त्यांतला फक्त एक. विक्री घटली की केवळ विक्रेत्याला धारेवर धरणारं मूल्यमापन उरलेली चार कारणं नजरेआड करतं, आणि नफा वाढला की सगळं श्रेय घेणारा मुख्याधिकारीही तेच करतो.

पण मोबदल्याशिवाय राबणार कोण, असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. निष्काम कर्म म्हणजे फुकट काम नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ४८,००० पणांपासून ६० पणांपर्यंत वेतनाची उतरंड आहे. शिवाय अपहाराचे चाळीस प्रकार नोंदवून तो हिशेबतपासणीवर भर देतो. आसक्ती सोडा म्हणणाऱ्या परंपरेतच चोख पगार आणि कडक तपासणी, दोन्ही आहेत. यापेक्षा गंभीर आक्षेप वर्णाचा. गीतेतला स्वधर्म वर्णाच्या कर्माशी बांधलेला आहे, आणि ‘ज्याने त्याने आपापलं काम करावं’ या गोड शब्दांत तो कार्यालयात शिरला तर बढतीच्या वाटा बंद करील. तो भाग आज नाकारलाच पाहिजे. अशी निवड करणं गीतेशी प्रतारणा ठरत नाही: सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला पूर्ण विचार करून स्वतःच ठरवायला सांगतो. शिबिरांतून नेमका हाच भाग गाळला जातो.