बरी दिसले तर पगार बंद?

"वहिनी, तपासणीला कोणतं लुगडं नेसून जाऊ? नीटनेटकी दिसले तर पगार बंद करतील का हो?" आमच्या युसूफ वडगावातल्या एका मैत्रिणीनं विचारलं अन् मला चटकन उत्तरच सुचेना.

तिला बारा वर्षांपासून मनाचा आजार. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ते महिना २५०० रुपये झाले. पण तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आलेली. फेरतपासणीत ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर? या घोरानं तिची झोप उडाली, गोळ्याही चुकू लागल्या.

मैत्रिणींनो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहेच. तपासणीत स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा या चार गोष्टी बघतात. आजार किती वर्षांचा, तेही धरतात. म्हणून नुसतं "बरी आहे" म्हणून उठू नये. आंघोळीला कोण उठवतं, स्वैपाक कोण करतं, हे सोबतच्या माणसानं सांगावं. वाईट दिवस वहीत लिहावेत, जुने केसपेपर जपावेत, मुदतीआधीच अर्ज करावा. जीव फारच घाबरला तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

पगारासाठी गोळ्या मात्र सोडू नयेत. मी तिला म्हटलं, "चांगलं लुगडं नेस बाई. खरं काय ते सांगू. मी येते सोबत."

त्या रात्री तिनं गोळी घेतली.